दाभोळची लांबची वाट

पनवेलहून दाभोळला जायच्या दोन वाटा आहेत. एक मुंबई-गोवा महामार्गाची. पेण, माणगाव, महाड, खेड करत पुढे दापोलीकडे वळायचे. फजर पढून निघालेला माणूस जुहरच्या सुमारास दाभोळला टेकतो. दुसरी वाट किनाऱ्याची. ती अलिबागला समुद्राजवळ येते आणि मग दाभोळपर्यंत त्याच्या आसपासच राहते. या वाटेवर खाड्या आडव्या येतात. काहींवर पूल आहेत, काही ठिकाणी गाडीसह फेरीबोटीत चढावे लागते. बोट नुकतीच सुटलेली असेल तर पुढची येईपर्यंत धक्क्यावर थांबायचे. घाई असलेल्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

आम्ही याच वाटेने गेलो आणि तीन दिवस घेतले. फिरण्याची हौस हे त्याचे कारण नव्हते. हौसही थोडी भागली, ते खरे. पण कारण वेगळे होते, आणि ते वाचकांना सांगावे म्हणून हा लेख.

सामान नंतर, माणसे आधी

यंदा अम्मींबरोबर आम्हा दोघांचेही हजसाठी नाव लागले, अल्हम्दुलिल्लाह. नाव लागले की घरात एकच गडबड सुरू होते. पासपोर्ट, पैसे भरण्याच्या तारखा, लस, प्रशिक्षणाचे वर्ग, इहरामचे कापड, पायांत रुळलेल्या चपला. आम्ही यादी करत बसलो होतो. अम्मी म्हणाल्या, "सामान नंतर. आधी माणसं."

हजला निघण्यापूर्वी नातेवाईक, शेजारी, देणेकरी, घेणेकरी या सर्वांना भेटून हिशेब मोकळा करायचा, कळत-नकळत दुखावले असेल तर माफी मागायची, ही रीत आपल्या घराघरांत आहे. ती केवळ रीत नाही. ज्याच्याकडून आपल्या भावावर अन्याय झाला असेल त्याने तो आजच मिटवून घ्यावा, कारण पुढे असा दिवस येणार आहे की ज्या दिवशी दीनार-दिरहम चालणार नाहीत, अशा आशयाची ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली असून ती सहीह बुखारीत आहे. अल्लाहचे हक्क अल्लाह माफ करील. बंद्यांचे हक्क मात्र बंद्यांच्याच दारात जाऊन फेडावे लागतात.

"फोन करू सगळ्यांना," आम्ही म्हटले. अम्मी हसल्या. "फोनवर माफी मागता येते. मिळाली का नाही, ते कळत नाही."

मग त्यांनी नानांची गोष्ट सांगितली. नाना दाभोळचे. त्यांच्या काळी हजचा प्रवास घराच्या उंबऱ्यापासून सुरू व्हायचा. खाडीकाठच्या गावांत ते आधी होडीने आणि पायी फिरले, घरोघरी बसले. मग गाव त्यांना धक्क्यावर सोडायला आले. दाभोळहून किनाऱ्याची आगबोट मुंबईला, मुंबईत मुसाफिरखान्यात मुक्काम आणि तिथून जिद्दाचे जहाज. समुद्रावर कितीतरी दिवस. माणूस मक्केला पोहोचेपर्यंत त्याच्या मनातून दुकान, शेत, भांडणतंटे हळूहळू मागे पडलेले असत. हाजींची ही जहाजे १९९५ मध्ये बंद झाली. आता मुंबईहून पाच-साडेपाच तासांत विमान जिद्दाला उतरते. ही अल्लाहची मोठी मेहरबानी आहे. अम्मींसारख्या बहात्तर वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला जहाज झेपले नसते. पण जहाजाच्या वाटेवर जे आपोआप घडायचे ते आता मुद्दाम घडवावे लागते. म्हणून शाबान महिन्यात, आंब्याला मोहोर आला असताना, आम्ही किनाऱ्याची वाट धरली. आमच्यापैकी एक गाडी चालवत होता, दुसरी मांडीवर वही घेऊन बसली होती. वहीत भेटायच्या घरांची नावे होती : सात.

सातवे नाव दाभोळच्या मामूंचे होते. अम्मींचा हा धाकटा भाऊ. नानांच्या वाडीच्या वाटणीवरून दोघांचे बोलणे बंद होऊन नऊ वर्षे झाली होती.

चढाला तकबीर, उताराला तस्बीह

अलिबागच्या अलीकडे कार्ले खिंडीचा चढ लागला तशी मागच्या सीटवरून अम्मींची हळू आवाजातली तकबीर ऐकू आली. उतार लागला तशी सुब्हानल्लाह. हजरत जाबिर (रजि.) सांगतात की प्रेषितांच्या (स.) सोबत प्रवासात असताना सहाबा चढावर तकबीर म्हणत आणि उतारावर तस्बीह. उंचावर गेल्यावर माणसाला आपण मोठे झाल्यासारखे वाटते, म्हणून तिथे अल्लाहच्या मोठेपणाची आठवण. खाली उतरताना अल्लाह प्रत्येक उणेपणापासून पाक आहे याची आठवण. महामार्गावर हे आमच्या कधी लक्षात राहत नाही. तिथे चढ कधी आला नि कधी संपला हे कळतच नाही. किनाऱ्याच्या रस्त्यावर मात्र दर दहा मिनिटांनी एक डोंगर समुद्रात पाय सोडून बसलेला असतो. त्याच्या खांद्यावर चढायचे, पलीकडे उतरायचे. जीभ कोरडी राहत नाही.

पहिला थांबा चौलला घेतला. नारळी-पोफळीच्या बागांत दडलेले हे शांत गाव आज पाहिले तर कोणाला खरे वाटणार नाही, पण एके काळी जगभरची जहाजे इथे लागत. अरब इतिहासकार अल-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या आसपास, इथे आला होता. त्याने या बंदराला सैमूर म्हटले आहे. इथे सुमारे १०,००० मुसलमान राहतात, त्यांत ओमान, बसरा, बगदादकडचे लोक आहेत आणि इथेच जन्मलेलेही आहेत, असे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे तलवारीच्या गोष्टी सुरू होण्याच्या कितीतरी आधी या किनाऱ्यावर अजान होत होती. माल विकायला आलेल्या, खरे तोलून देणाऱ्या माणसांनी ती आणली होती. आमच्या मुलांना शाळेच्या पुस्तकात हे पान सापडत नाही. चौलच्या रस्त्यावर गाडी हळू चालवली, तर ते सापडते.

रेवदंड्याची खाडी पुलावरून ओलांडली. कोर्लई, काशीद, नांदगाव मागे टाकत मुरूडला पोहोचलो तेव्हा जुहरची वेळ टळत आली होती. आम्ही कोकणी लोक शाफई मसलकाचे. प्रवाशाला चार रकअतींच्या दोन करण्याची आणि जुहर-असर एका वेळी पढण्याची सवलत आहे. ती घेतली. सलाम फेरल्यावर अम्मी जे बोलल्या ते पुढे तीन दिवस आमच्या डोक्यात फिरत राहिले. म्हणाल्या, "प्रवासात अल्लाह आपल्या नमाजेत सूट देतो. माणसांच्या हक्कात मात्र कुठेच सूट सांगितलेली नाही."

खाऱ्या समुद्रात गोडे पाणी

मुरूडला अम्मींची धाकटी बहीण, आमची खाला, अंथरुणाला खिळून आहे. साखरेने तिचे पाय गेले. तिच्याशी कसलाच हिशेब नव्हता. दोघी बहिणी रात्री उशिरापर्यंत बोलत राहिल्या. मध्येच हसण्याचा आवाज यायचा, मध्येच काहीच नाही. सकाळी सांदणांचा नाश्ता झाला आणि खालाने वही मागवली. हाताला कंप असल्यामुळे तिने नावे सांगितली, आम्ही लिहिली. अरफातच्या मैदानात ज्यांच्यासाठी दुआ करायची त्यांची ती नावे होती. तिचा स्वतःचा आजार त्यात नव्हता. विचारले तर म्हणाली, "मला लक्षात ठेवायला वही कशाला लागते?"

अम्मी तिच्याजवळ बसल्या तेवढ्या वेळात आम्ही दोघे राजपुरीला जाऊन आलो. तिथून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जातात. अरबीतल्या जझीरा, म्हणजे बेट, या शब्दावरून हे नाव आले. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी हा किल्ला अशा जिद्दीने राखला की तो कोणालाच लढून घेता आला नाही. १९४८ मध्ये हे संस्थान भारतात विलीन झाले. पर्यटक तोफा पाहतात, बुरूज मोजतात. आम्हांला मात्र तिथले तळे पाहायचे होते. चारी बाजूंनी खारा समुद्र, लाटा तटावर आपटत आहेत, आणि आत दोन तळ्यांत गोडे पाणी. इतक्या पिढ्या या पाण्यावर जगल्या. कुरआनात, सूरह फुरकानमध्ये, अल्लाहने दोन पाण्यांचा दाखला दिला आहे, एक गोड आणि तहान भागवणारे, दुसरे खारट आणि कडू, आणि दोहोंच्या मध्ये आड. त्या आयतीत नद्या-समुद्रांची गोष्ट आहे, किल्ल्यातल्या तळ्याची नाही, हे आम्ही जाणतो. पण तळ्याच्या काठावर उभे राहिल्यावर ती आयत आठवलीच. नाती तरी काय असतात? चहूकडे जगाचा खारेपणा, आणि मधोमध कुठेतरी अल्लाहने राखलेले गोडे पाणी. तिथवर जायला होडी लागते, एवढेच.

बोर्लीचे बाराशे रुपये

आगरदांड्याहून फेरीबोटीने गाडीसह खाडी ओलांडून दिघीला उतरायचे. गाडी बोटीवर चढली की इंजिन बंद होते आणि चालवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. अम्मींनी सूरह हूदमधली हजरत नूह (अ.) यांची, नौकेत बसतानाची दुआ म्हटली. या किनाऱ्यावर ही दुआ सवयीने म्हटली जात नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि ६०० हून अधिक माणसे गेली. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना ती तारीख आजही माहीत असते. जुनी वाट संथ होती म्हणून सोपी होती, असे कोणी समजू नये.

दिघीच्या पुढे बोर्ली पंचतन. इथले काम आमच्या मरहूम अब्बांचे होते. त्यांच्या एका जुन्या वहीत १९७७ च्या पानावर बोर्लीच्या मित्राचे नाव, पुढे '१,२०० उसने' आणि 'कुवेत' एवढेच लिहिले होते. त्या काळात कोकणातल्या किती घरांतले पुरुष असे उसनवारीच्या पैशावर आखातात गेले, त्याची गणती नाही. पैसे परत केल्याची नोंद मात्र वहीत नव्हती. अब्बा व्यवहाराला चोख होते, तेव्हा ते फेडले असतील असे मन म्हणत होते. पण मनाचे म्हणणे ही पावती नव्हे, आणि मय्यतीच्या कर्जाची बाब फार कडक आहे.

मित्र वारलेले. त्यांच्या पत्नी घरी होत्या. पैसे परत आले होते का, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. आम्हांला वाटले होते, त्या "राहू द्या" म्हणतील. कोकणातली माणसे पाहुण्याकडून पैसे घेताना संकोचतात. त्यांनी पाकीट उघडले आणि नोटा मोजल्या. म्हणाल्या, "घेते. नको म्हटलं तर तुम्हांला चांगलं वाटेल, पण त्यांच्या डोक्यावरचं ओझं तसंच राहील. कोणी तरी मोजून घेतले पाहिजेत." कर्ज फेडताना स्वखुशीने थोडे अधिक द्यावे ही प्रेषितांची (स.) पद्धत होती, म्हणून आम्ही रक्कम वाढवून नेली होती. त्यांनी बाराशे वेगळे काढले, मग वरच्या पैशांकडे पाहून हसल्या, "हे नातवंडांच्या खाऊचे." आणि आत जाऊन एका कागदावर लिहून आणले : इतके मिळाले, काही बाकी नाही. खाली सही. तो कागद आम्ही अब्बांच्या वहीत, त्याच पानात ठेवला आहे.

उदार होऊन माफ करणे आम्हांला ठाऊक होते. समोरच्याला मोकळे करण्यासाठी पैसे मोजून घेणे हेही उदारपण असते, हे बोर्लीत कळले. फोनवर हे झाले नसते. फोनवर त्या "राहू द्या"च म्हणाल्या असत्या.

समुद्राच्या कडेकडेने

दिवेआगरहून श्रीवर्धनला आम्ही शेखाडीमार्गे गेलो. या रस्त्यासारखा रस्ता आमच्या पाहण्यात दुसरा नाही. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला समुद्र, आणि काही ठिकाणी इतका जवळ की भरतीच्या वेळी वाऱ्याबरोबर काचेवर खारे तुषार येतात. असरची वेळ होती. ऊन पाण्यावर पसरले होते. एका वळणावर गाडी थांबवली आणि कोणी काही बोलले नाही.

सूरह आलि इमरानच्या शेवटच्या भागात अक्कल असलेल्यांची ओळख सांगितली आहे. उभे असता, बसले असता, आडवे असता ते अल्लाहचे स्मरण करतात आणि आकाश-पृथ्वीच्या घडणीवर विचार करतात. यात स्मरण आणि विचार दोन्ही एकत्र आले आहेत. आपण बहुधा स्मरण धरतो आणि विचार सोडतो, कारण विचाराला वेळ लागतो. ताशी शंभरच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला समुद्र दिसतो. पण सूर्य बुडताना त्याचा रंग कसा पालटतो, ओहोटीचे पाणी वाळूवर कसल्या रेघा सोडून जाते, त्या रेघांवरून चिमुकले खेकडे कसे पळतात, हे त्याला दिसत नाही. कुरआन पृथ्वीवर फिरायला सांगतो आणि लगेच पाहायलाही सांगतो. नुसते फिरणे त्याला पुरेसे वाटत नाही. हजरत लुकमान यांनी मुलाला केलेल्या नसीहतीतही चाल मध्यम ठेवण्याचा सल्ला आहे. ती नसीहत पायांच्या चालीबद्दल आहे. चाकांच्या चालीलाही ती लागू पडावी, असे आम्हांला वाटते.

श्रीवर्धनला दोन घरे होती. दोन्ही ठिकाणी जेवावेच लागले, आणि निघताना घरच्या रोठा सुपारीची पिशवी हातात पडली. वहीत आता पंचवीसच्या वर नावे झाली होती. मजा अशी की, माफी मागायला जावे तर लोक उलट आपणच माफी मागतात. आणि दुआचे नाव लिहून देताना आधी दुसऱ्याचे देतात. परगावी असलेला मुलगा, मूल नसलेली सून, नोकरी गेलेला जावई. गावोगावच्या घरांत कोणती काळजी मुक्कामाला आहे, ते त्या वहीत उतरत गेले.

बागमांडल्याहून वेसवीला जाणाऱ्या फेरीबोटीवर टोपली घेऊन एक कोळीण आमच्या शेजारी उभी होती. अम्मींनी कुठे निघालात वगैरे विचारले, तिनेही विचारले. हजला जाणार म्हटल्यावर ती थोडा वेळ सावित्रीच्या पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "माझ्या पोरासाठी पन मागा. बोटीवर असतो. वाऱ्यापावसाचा जीव लागून राहतो." अम्मींनी त्याचे नाव विचारले आणि आम्हांला म्हणाल्या, "लिही." ते नाव वहीत अठ्ठाविसावे आहे.

मामूंच्या पडवीत

तिसऱ्या दिवशी केळशीत थोडे थांबलो. भारजा नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या या गावात याकूब बाबांचा दर्गा आहे. शिवाजी महाराजांनी त्याला जमीन इनाम दिल्याची नोंद इतिहासात आहे. हर्णै बंदरात होड्या लागत होत्या. तिथले शेवटचे घर उरकून दापोलीमार्गे दाभोळकडे उतरलो. जसजसे दाभोळ जवळ येत गेले तसतशा अम्मी अबोल झाल्या. शेवटच्या उतारावर तस्बीह मात्र चालू होती.

दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले मोठे बंदर. रशियन व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात हिंदुस्थान पाहून परत निघाला तो इथूनच जहाजात बसला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने हे शहर जाळले. ते पुन्हा उभे राहिले. खाडीच्या काठाला माडांच्या गर्दीत काळ्या दगडाची शाही मशीद आहे, मोठा घुमट आणि मिनार असलेली. तिच्याबद्दल गावात सांगतात ती हकिकत अशी. १६५९ साली विजापूरची एक शाहजादी, आयशाबीबी, हजला जायला म्हणून फौजफाटा आणि मोठी दौलत घेऊन दाभोळला आली. पण काळ धामधुमीचा होता. पुढे जाणे शक्य झाले नाही. हजसाठी काढलेला पैसा परत नेणे तिला बरे वाटेना. तिने काझी-मौलवींचा सल्ला घेतला आणि त्या पैशातून इथे ही मशीद बांधली. चार वर्षे काम चालले. हकिकतीतला बारीकसारीक तपशील इतिहासकार तपासोत. आम्हांला तिच्यातले एक पटते : मक्केच्या वाटेवर निघालेल्या माणसाची वाट जिथे अडते, तिथेही त्याच्यासाठी काही काम ठेवलेले असते.

आमचीही वाट दाभोळलाच अडलेली होती.

मामू घरी नव्हते. मामींनी पाणी दिले, चहा दिला, अम्मींचे गुडघे चेपले. मगरिबनंतर मामू आले. सलाम झाला. ते पडवीच्या दुसऱ्या टोकाला बाकावर बसले. नऊ वर्षे मध्ये होती आणि चार हातांची पडवी. अम्मी म्हणाल्या, "मी हजला चालले आहे. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर माफ कर."

मामू बराच वेळ जमिनीकडे पाहत होते. मग म्हणाले, "आपा, माफी तू का मागतेस?" उठून आत गेले. येताना प्लास्टिकच्या पिशवीत सातबाऱ्याचे उतारे घेऊन आले आणि अम्मींच्या पुढ्यात ठेवले. "अब्बांनी तुझं नाव काढायला सांगितलं नव्हतं. मीच लावलं नाही."

इथे वाचकांशी थोडे मोकळेपणाने बोलायला हवे. सूरह निसामध्ये मुलीचा वाटा ठरवून दिलेला आहे. भावाच्या मर्जीने मिळणारी ती भेट नाही. तरीही आपल्या कितीतरी घरांत बहिणीकडून "मला काही नको" असे वदवून घेतले जाते आणि तिच्या डोळ्यांकडे कोणी पाहत नाही. ज्या घरातून लोक दरवर्षी उमऱ्याला जातात, त्या घरातही हे घडते. अम्मींनी उतारे हातात घेतले नाहीत, आणि "मला काही नको" असेही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "माझं बोलणं मी माफ करून घ्यायला आले होते, आणि तुझं बोलणं मी माफ केलं. वाडीचं अल्लाहने ठरवलंय; त्यात माझं-तुझं काही चालत नाही. ते तू सावकाश कर, पण कर."

बोलणे माफ झाले, हक्क शिल्लक राहिला. नाते जोडण्यासाठी हक्क सोडावा लागतो असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या पडवीत दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसलेल्या पाहिल्या. रात्री मामींनी तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या. मामूंनी अम्मींच्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढला, लहानपणी तो अम्मी त्यांना वाढायच्या असे अम्मींनी मागाहून सांगितले.

परतीची वाट वेगळी

प्रेषित मुहम्मद (स.) ईदच्या दिवशी एका वाटेने जात आणि दुसऱ्या वाटेने परतत. उलमांनी याची अनेक कारणे सांगितली आहेत. दोन्ही वाटांवरच्या लोकांची भेट व्हावी आणि दोन्ही वाटांनी कयामतच्या दिवशी साक्ष द्यावी, ही त्यांतली दोन. सूरह जिलजालमध्ये जमीन आपली हकिकत सांगेल असे म्हटले आहे. आम्ही परतताना महामार्ग धरला. काम झाल्यावर प्रवाशाने लवकर घरी परतावे, हीही प्रेषितांचीच शिकवण आहे. संथपणा स्वतःच पुण्याचा नसतो. कोणाच्या हक्कासाठी घेतलेला वेळ पुण्याचा.

कशेडी घाटाखाली आता बोगदा झाला आहे. पूर्वी तासभर वळणे घेत जाणारी गाडी काही मिनिटांत पलीकडे निघते. रुग्णाला घेऊन मुंबई गाठणाऱ्यांना तो बोगदा म्हणजे रहमत आहे. आत ना चढ होता ना उतार. अम्मी तकबीर म्हणावी का तस्बीह, अशा विचारात असाव्यात, थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "अल्हम्दुलिल्लाह."

ज्यांना यंदा किंवा पुढे कधी हज-उमऱ्याला जायचे आहे, त्यांना आमचे एवढेच सांगणे. विमानाच्या पाच तासांआधी एक लांबची वाट जरूर चाला. ती किनाऱ्याचीच असली पाहिजे असे नाही. मराठवाड्यातल्यांना एसटीने आडगावी जावे लागेल, कोणाला मुंबईतल्याच चार मजल्यांवर चढावे लागेल. फेरीबोटींच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात, सोबत सुटे पैसे आणि मुसल्ला ठेवावा, म्हाताऱ्या माणसांना दिवसात शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वर बसवू नये. आणि एक वही घ्यावी.

गेल्या आठवड्यात मामूंनी अम्मींच्या मोबाईलवर एक फोटो पाठवला. वाडीच्या मोजणीसाठी केलेल्या अर्जाची पावती आहे ती. मोजणी व्हायची आहे, सातबाऱ्यावर नाव चढायचे आहे. सरकारी काम आहे, महिने लागतील. तोवर अम्मी इन्शाअल्लाह हज करून आलेल्या असतील. वहीत आज त्रेचाळीस नावे आहेत. अल्लाह त्या सर्वांच्या गरजा पुऱ्या करो, ज्यांचे हक्क आपल्यावर आहेत त्यांच्या दारापर्यंत जाण्याची ताकद आपणां सर्वांना देवो, आणि आपली वाट आपल्या बाजूने साक्ष देईल अशी आपली चाल ठेवो. आमीन.